आरसा छताकडं

“त्या पोरीचं तोंड दिसतंय मला आरशात. सकाळी सकाळी. देवाला चाललोय आपण.”

बाईसाहेब मागच्या सीटवरून बोलल्या. माझ्याशी नाही, आप्पांशी. आप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचे ड्रायव्हर. मी पाचवीत होते. आप्पांच्या शेजारी पुढच्या सीटवर अंग चोरून बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी. माझी आत्या अक्कलकोटला राहायची आणि दर गुरुवारी बाईसाहेबांची गाडी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतनं अक्कलकोटला दर्शनाला जायची. आप्पांनी आदल्या दिवशी हात जोडून परवानगी मागितली होती. गाडी जातीच हाय, पोरीला आत्याकडं सोडतो. बाईसाहेब बरं म्हणाल्या होत्या.

मी आरशात बघत होते हे खरं आहे. गाडीत मी पहिल्यांदाच बसले होते. त्या लांबट आरशात बाईसाहेबांची नथ दिसत होती, मोगऱ्याचा गजरा दिसत होता, त्यांच्या मांडीवरचं नैवेद्याचं ताट दिसत होतं. मला ते सगळं लई आवडलं होतं. मी हसले पण असेन बहुतेक. तेवढ्यात आमची नजरानजर झाली.

आप्पा म्हणाले, “ए, खाली बघ.”

मी खाली बघितलं.

“तिचं राहू दे,” बाईसाहेब म्हणाल्या. “लक्ष्मण, तो आरसा वर कर. तू पण सारखा मागं बघत असतोस.”

आप्पा त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते. आप्पांनी हात वर केला आणि आरसा छताकडं फिरवला. त्यात आता छताचं राखाडी कापड तेवढं दिसत होतं. “व्हय वैनीसाहेब,” म्हणाले आणि गाडी पुढं काढली. अक्कलकोट येईपर्यंत मी माझ्या पायांकडं बघत बसले. आत्याच्या दारात उतरले तेव्हा माझी मान दुखत होती.

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “आपण जयभीमवाली. आपलं तोंड बघितलं की त्यांचा देव रुसतो.” आणि हसली. मला काही हसू आलं नाही. माझ्या तोंडाला काय झालंय ते बघायला मी तिच्या घरातल्या आरशासमोर किती तरी वेळ उभी राहिले. काही झालं नव्हतं. तोंड धुतलेलं होतं, वेणी घातलेली होती.

तो आरसा परत खाली आला नाही. त्या दिवशीचा हुकूम कायमचा झाला. मागं मालक बसोत, बाईसाहेब बसोत, नाहीतर त्यांचा शाळेत जाणारा मुलगा बसो, मागचं दार लागलं की आप्पांचा हात वर जायचा. मालकांनी पुढं गाडी बदलली, तरी नव्या गाडीतपण तेच. आप्पा बाजूच्या दोन आरशांवर गाडी चालवायचे. मागं घ्यायची असली की खिडकीतनं मुंडकं बाहेर काढायचे. पावसात भिजायचे.

एकदा बंगल्याच्या फाटकाच्या खांबाला गाडी मागून घासली. मालक सगळ्यांसमोर ओरडले, “डोळे फुटले काय रे? मागं बघता येत नाही तुला?”

आरसा वर कुणी करायला लावला होता? पण आप्पा मूग गिळून उभे राहिले. घरी येऊन आम्हाला ते हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. चादरीच्या कडा शिवत बसली होती, तिनं मशिनीचं चाक जोरात फिरवलं.

मला गाडी आप्पांनीच शिकवली. चिंचोळी एमआयडीसीत मालकांचा टॉवेलचा कारखाना होता. मालक आत गेले की दोन-तीन तास येत नसत. कारखान्यांच्या मागचे रस्ते मोकळे असायचे. आप्पा मला स्टिअरिंगवर बसवायचे. मी बारावीत होते. पोरीला कशाला, म्हणून भावकी हसायची. आप्पा म्हणायचे, “शिकू दे की. कला हाय, चोरीला जात न्हाय.” क्लच कसा सोडायचा, खड्डा कसा चुकवायचा, म्हशी आडव्या आल्या तर काय करायचं, सगळं शिकवलं. माझा बाप हाडाचा ड्रायव्हर. आणि त्याच दमात हे पण शिकवलं, “मागं माणूस बसलं, दार लागल्याचा आवाज आला, की पयला हात आरशाला. वर करायचा. इसरायचं न्हाय. मग चावी.”

मी विचारलं, “का?”

“तशी पद्धत हाय.”

मी नर्सिंगला असताना आप्पांना कावीळ झाली. बदली ड्रायव्हर मिळेना. बाईसाहेब म्हणाल्या, तुझी पोरगी चालवते ना, पाठव तिला, बाईमाणूस आहे, बरंच झालं. सुट्टी होती. मी गेले. दार लागलं की हात वर. बाजारात, लग्नाला, डॉक्टरकडं. सुट्टी संपेपर्यंत माझ्या हाताला सवय लागून गेली. आपला हात काय करतोय हे मला कळत पण नव्हतं. ही सवय घेऊन मी विमानात बसले.

इंग्लंडला मी नर्स म्हणून गेले. दवाखान्यात नाही, घरोघरी. एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शन द्यायचं, पुढच्या घरी जायचं. गावं लांब लांब. गाडीशिवाय हे काम होत नाही. सोलापुरात माझं लायसन होतं, मी आठचा आकडा खरंच काढून मिळवलेलं. शिवाय एका एजंटानं आंतरराष्ट्रीय परमिट काढून दिलं होतं. म्हणाला, “ताई, ह्यावर जगभर फिरा, कुणी हात लावणार नाही.”

तसं नसतं. चार दिवस फिरायला जाणाऱ्याचं वेगळं आणि राहायला जाणाऱ्याचं वेगळं. राहायला गेलं की तिथं आपल्या लायसनवर एक वर्ष चालवता येतं. वर्ष संपलं की ते लायसन नुसता प्लास्टिकचा तुकडा. मग तिथली लेखी परीक्षा, तिथली रस्त्यावरची परीक्षा. पास होईस्तोवर एकटीनं गाडी चालवायची नाही, शेजारी लायसनवालं माणूस पाहिजे आणि काचेला शिकाऊचं लाल अक्षर. आधी कितीही वर्षं चालवली असो.

माझ्याबरोबर पुण्याची एक नर्स होती. तिचं वर्ष कधीच संपलं होतं. म्हणाली, “अगं चालव बिनधास्त. कोण अडवतंय?” मी नाही म्हणाले. उद्या एखादं लेकरू आडवं आलं तर विमावाले कानावर हात ठेवतील आणि पोलीस मला उचलून विमानात बसवतील. तिच्यामागं तिचा बंगला आहे, तिला परत जायला जागा आहे. माझ्यामागं आईचं शिलाई मशीन होतं.

मी लेखी परीक्षा पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही. तोवर मी बसनं कामाला जायचे. एक बस चुकली की तीन म्हातारी माणसं उपाशीपोटी इन्सुलिनसाठी खोळंबायची. माझी मॅनेजर सरळ म्हणाली, लायसन आलं नाही तर आम्हाला तुला ठेवता येणार नाही. तिथं काम गेलं की व्हिसा जातो. व्हिसा गेला की परत सोलापूर. म्हणजे माझं सगळं त्या एका परीक्षेवर आलं होतं.

मी एका शिकवणाऱ्याकडं जाऊन सराव केला. म्हातारा सरदारजी होता, हिंदीत बोलायचा. माझ्या हाताला नावं ठेवायला त्याला जागा नव्हती. हॉर्न कमी वाजव, एवढंच म्हणायचा. मी आरसे नीट लावायचे, वळायच्या आधी बघायचे. आतल्या आरशात मागची मोकळी सीट दिसायची, तिच्या पलीकडं काच आणि रस्ता. मागं कधी कुणी बसलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा. परीक्षा घेणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. शांतपणे बोलत होती. म्हणाली, आज आमचे साहेब मागं बसणार आहेत, ते माझं काम तपासायला आलेत, तुमचं नाही, तुम्ही त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

साहेब आले. उंच, टाय लावलेले. मागचं दार उघडून बसले. दार लागलं.

माझा हात वर गेला.

मला कळलं नाही. आईशप्पथ सांगते, कळलं नाही. चावी फिरवली, गाडी काढली. बाजूचे दोन आरसे आणि खिडकी, आप्पांसारखी. चौकात थांबले, गोल वळसा घेतला, चढावर गाडी धरली, एकदा मागं घेतली. मला वाटलं झकास चाललंय. मनात म्हणलं, आप्पा, बघा तुमची पोरगी.

परत येऊन गाडी लावली. बाई म्हणाली, “तुम्ही नापास आहात.”

मी विचारलं, “काय चुकलं?”

तिनं बोट वर केलं. मी वर बघितलं. आरशात गाडीचं छत होतं.

“निघायच्या आधीच तुम्ही हा फिरवलात,” ती म्हणाली. “मला वाटलं, नीट लावताय. पण तो तसाच राहिला. मागं काय आहे हे तुम्ही पूर्ण वेळ बघितलंच नाही. तुम्ही असं का केलंत?”

का. ह्या बाबतीत मला आजवर कुणी ‘असं का’ म्हणून विचारलंच नव्हतं. मी एकदा आप्पांना विचारलं होतं, तेवढंच. माझ्याकडं इंग्रजी होतं, आख्ख्या जखमेचं वर्णन करता येईल एवढं होतं, पण हे सांगायला मला वाक्य सापडेना. काय सांगू? आमच्याकडं मागं बसलेल्या माणसाला माझं तोंड दिसू नये म्हणून? त्यांचा देव बाटतो म्हणून? मागचे साहेब पण पुढं वाकून बघत होते. त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

मी म्हणाले, “सॉरी. घाबरले.”

बाहेर सरदारजी उभा होता. त्यालाही तेच सांगितलं. मग संडासात गेले, कडी लावली आणि रडले. आधी नापास झाल्याचं रडू होतं. ते संपलं. मग लाज वाटली, इतकी की कातडं सोलून ठेवावंसं वाटलं. मी शिकलेली, सातासमुद्रापार आलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो लावलेली, आणि माझा हात अजून शुक्रवार पेठेत नोकरीला होता. लाज पण संपली. मग राग आला. खांब आठवला. ‘मागं बघता येत नाही तुला?’ आप्पा हसत हसत सांगत होते ते आठवलं. अंगाची लाही लाही झाली. मी तोंड धुतलं आणि तिथल्या आरशात माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं, आत्याच्या घरी बघितलं होतं तसं.

गोरे लई भले, असलं काही मी सांगत नाही. एका म्हातारीनं मला दारातनंच परत पाठवलेलं, ‘दुसरी कुणी पाठवा’ म्हणून. पण तिथं मी मॅनेजरला ते लिहून कळवलं होतं. सोलापुरात आम्ही ते कुणाला कळवणार होतो?

दुसऱ्या परीक्षेची तारीख महिनाभरानंतरची मिळाली, कुणीतरी सोडलेली. मॅनेजर म्हणाली, ही शेवटची, तोवर उरलेली रजा घे. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी सोलापूरला आले.

आप्पा अजून त्याच घरी ड्रायव्हर होते. मालक वारले होते, कारखाना मुलगा बघत होता. ऑपरेशन झालं, आप्पा काळा चष्मा लावून कॉटवर बसले आणि तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांचा फोन आला. करकंबला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मुलगा दुसऱ्या गाडीनं पुढं गेला होता.

आप्पा फोन ठेवून म्हणाले, “तुला बोलावलंय. एक दिस जा की.”

“मी न्हाय जाणार, आप्पा.”

“अगं, ते नवा डायवर ठेवतील. ह्या वयात मला कोण गाडी देणार हाय?”

 मी गेले. आप्पांसाठी गेले. मनात काही ठरवलं नव्हतं, हे खरं सांगते.

गाडी नवी कोरी होती. मी स्टिअरिंगवर बसले, बेल्ट लावला. आतला आरसा छताकडं होता आणि त्याच्या काचेवर कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला होता. शोरूममधनं आल्यापासून त्यात कुणी बघितलंच नव्हतं.

बाईसाहेब आल्या. आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, काठी होती. मोलकरणीनं त्यांना मागं बसवलं. दार लागलं.

माझा हात वर गेला. ह्या वेळी मला कळलं. मी हाताकडं बघत होते. आरसा धरला, खाली ओढला. तो कडक होता, कुरकुर वाजला. मग नखानं कोपरा उचलून तो कागद टराटरा काढला आणि आरसा माझ्या डोळ्यांना लावला. मागची काच दिसली, रस्ता दिसला, रस्त्यावरचा गाडा दिसला. आणि बाईसाहेब दिसल्या. तोंडावर पावडर, नथ तीच.

“काय गं, इंग्लंडात गाडी चालवतेस म्हणे.”

“व्हय.”

“बरं. तो आरसा वर कर आणि चल.”

“न्हाय.”

त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. “काय?”

“आरसा वर न्हाय करणार. मागचं दिसलं पायजे. त्यासाठीच असतोय तो.”

“लक्ष्मण आयुष्यात कधी असं बोलला नाही.”

“आप्पा न्हाय बोलले. मी बोलते.”

आरशात त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पण बघितलं. ह्या वेळी मला कुणी खाली बघ म्हणणारं नव्हतं.  मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. आप्पांचा काळा चष्मा डोळ्यांसमोर होता.

“तोंड वर करून बोलायला लागलात तुम्ही लोक,” त्या म्हणाल्या. “उतर खाली.”

‘तुम्ही लोक.’ तेवढं ऐकलं आणि बास झालं. गाडी मी सुरूच केली नव्हती. चावी तिथंच ठेवली. बेल्ट काढला, उतरले आणि दार लावलं, आपटलं नाही. आरसा तसाच ठेवला, खाली. शुक्रवार पेठेतनं चालत घरी आले.

मी पोचायच्या आधी फोन पोचला होता.

आप्पा कॉटवर ताठ बसले होते. “माझ्या पोटावर पाय दिलास,” म्हणाले. “एवढं काय व्हतं त्यात? आरसाच हाय की!”

“त्या आरशापायी मी तिकडं नापास झाले, आप्पा.”

त्यांना मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दार लागल्याचा आवाज, टायवाला साहेब, माझा हात, बाईचा प्रश्न. आई मशीन थांबवून ऐकत होती. माझं सांगून झालं तेव्हा आप्पांनी काळा चष्मा सारखा केला.

मग म्हणाले, “म्या सारी जिंदगी मागं न बघता गाडी चालवली. एक माणूस मारला न्हाय. एक कुत्रं न्हाय मारलं.”

त्यांना त्याचा अभिमान होता! माझ्या बापाला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा पण नव्हता. कोण चालवून दाखवेल अशी? मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसं पण वाटलं. मी म्हणाले, “पण कशाला चालवली, आप्पा? कुणासाठी?”

ते उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी नवा ड्रायव्हर ठेवला. शेजारची माणसं आईला सांगून गेली, शिकून पोरगी शेफारली, बापाची भाकरी घालवली. मी निघाले त्या दिवशी आप्पा स्टेशनवर आले नाहीत. आई आली. तिनं शेंगाचटणीची पुडी दिली आणि म्हणाली, “तू आरसा खाली केलास ना? आता वर करू नकोस.”

मी इंग्लंडला परत आलेय. परवा माझी परीक्षा आहे. ह्या वेळी मागं कुणी बसेल की नाही मला माहीत नाही. सरदारजीला मी सगळं खरं सांगितलं आणि म्हणलं, सरावाला मागं माणूस बसवा. त्यानं त्याच्या बायकोला आणून बसवलं. तिनं दार लावलं. पहिल्यांदा हात उठला, मी तो खाली आणला. दुसऱ्यांदा उठला. मी आणला. आता उठतो तो आरसा नीट करायला उठतो.

पास झाले तर काम राहील. नापास झाले तर सोलापूरला परत जाईन, आणि तिथं गाडी चालवीन. आप्पांना त्या घराच्या गाडीवर पुन्हा जाऊ देणार नाही. ते माझ्याशी बोलोत न बोलोत, त्यांना मी पोसीन. परवा परीक्षा घेणाऱ्या बाईनं परत विचारलं तर माझ्याकडं आता वाक्य आहे, इंग्रजीत, पाठ केलंय: जिथनं मी आले तिथं मागं बसणाऱ्याला माझं तोंड चालत नव्हतं. तिला कळो न कळो.

मागं कोण बसायचं ते बसू दे. साहेब बसू दे, बाईसाहेब बसू दे, त्यांचा देव बसू दे. दार लागलं की मी आरसा माझ्या डोळ्यांना लावणार. ज्याला माझं तोंड बघायचं नाही, त्यानं उतरावं.